आत्याबाईंचा अर्ध्यावरचा काटा

तीर्थरूप भाऊजींना,

वाकून नमस्कार करायचा तो या वेळी उभ्यानेच करते, रागावू नका. गेले दहा दिवस मी आत्याबाईंच्या पोटाखाली इतकी वाकले आहे की आता पुन्हा वाकले तर सरळ व्हायला मिस्त्रीला बोलवावं लागेल, आणि मिस्त्री म्हणेल, उद्या येतो. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत. (दोन्हींची कारणं वेगळी असतात असं मी एका पुस्तकात वाचलं आहे. त्याचं पुढचं पान फाटलेलं होतं, त्यामुळे उपाय ठाऊक नाही.) जाऊबाईंची चक्कर थांबली असेल अशी आशा आहे. पत्राला जो वास येतोय तो डिझेलचा. हात चार वेळा धुतले, साबण संपला, वास आहे तिथेच आहे. तेव्हा जाऊबाईंनी हे पत्र गॅसच्या शेगडीपासून लांब बसून वाचावं. तसा धोका काही नाही, पण दूध उतू गेलं तरी त्या मलाच दोष देतील.

रविवारी तुम्ही दातांच्या डॉक्टरांना घेऊन येणार, म्हणून आधीच कळवते की काट्याचं काम पुरं झालं आहे. तुम्हाला दिलेला शब्द मी विसरलेले नाही. दोन महिन्यांपूर्वी ते डॉक्टर आत्याबाईंना बघायला आले तेव्हाचा प्रसंग तुम्हाला आठवत असेलच. हे गेल्यावर एवढा मोठा ट्रक दारात ठेवून मी एकटीने काय करायचं, हा तुमचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. (ट्रकला आत्याबाई हे नाव ह्यांनी ठेवलं ते तुमच्या देखत. पुढे आलेलं मोठं नाक, खणखणीत आवाज आणि एकदा आल्या की जायचं नाव नाही, ही तीन कारणं त्यांनी दिली होती. वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, म्हणून मी अजूनही अहो-जाहोच करते.) डॉक्टरांनी बॉनेट उघडलं, आत टॉर्च मारली, आरशासारखं काहीतरी घालून मागची बाजू बघितली. मला वाटलं, आता आत्याबाईंना आ करायला सांगतात. सगळं त्यांच्या पसंतीला उतरलं. मग किल्ली फिरवली आणि डिझेलच्या काट्यावर बोट टेकवून ते म्हणाले, "हा काटा मेलेला आहे."

मी म्हटलं, "मेलेला नाही, स्थिर आहे."

डिझेल असो नसो, तो काटा एकोणीस वर्षं बरोबर अर्ध्यावर उभा आहे. एवढी स्थिरता माणसातसुद्धा बघायला मिळत नाही. पण डॉक्टरांकडे म्हणे अशा अकरा जुन्या गाड्या आहेत, सगळ्या एका लांबलचक खोलीत, पांढऱ्या चादरींखाली. एकही रस्त्यावर येत नाही आणि एकीचाही काटा बंद नाही. बंद काट्याची बारावी त्यांना नको होती. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी, घरात आलेल्या माणसाला नाही म्हणायची सवय नसल्यामुळे, बोलून गेले की काटा चालू झाला की गाडी घेऊन जा. पांढऱ्या चादरींचं ऐकून मला काय वाटलं ते तेव्हा सांगता आलं नाही, आणि आताही राहू दे.

तर कामाला लागले. आधी मिस्त्रीकडे गेले. त्याला सगळा बाजार उद्या-मिस्त्री म्हणतो हे तुम्हाला माहीत आहे, पण या खेपेला त्याने स्वतःचाच विक्रम मोडला. तीन आठवडे रोज सकाळी मी त्याच्या दुकानासमोरून जायची आणि रोज तो गाडीखालून फक्त तळपाय बाहेर ठेवून सांगायचा, "वहिनी, उद्या नक्की." शेवटी मी त्या तळपायांनाच म्हटलं, की तुम्ही नका येऊ, मी वाचून करते. त्यावर तळपाय एकदम आत गेले.

वाचून करायचा मला आत्मविश्वास का आला ते तुम्हाला पटायचं नाही. तुम्ही मला चौथी पास म्हणून ओळखता. पण ह्यांच्याबरोबर मी सतरा वर्षं लोकांची बिऱ्हाडं हलवली. लोक घर बदलताना सगळ्यात आधी पुस्तकं टाकतात आणि सगळ्यात शेवटी मोडका पंखा. पंखा तर टाकतच नाहीत, नव्या घरी नेऊन माळ्यावर चढवतात. टाकलेली पुस्तकं मी केबिनमध्ये पायाशी ठेवायची आणि वाटेत वाचायची. अशी मी शेतीची वाचली, कायद्याची वाचली, राजांची वाचली, प्रसूतीचं एक वाचलं (तेव्हा उशीर झाला होता), आणि कपबशा गुंडाळलेली वर्तमानपत्रं तर किती वाचली त्याला गणतीच नाही. अडलेला शब्द मी मोठ्याने विचारायची आणि हे गिअर टाकता टाकता अर्थ सांगायचे. निम्मे अर्थ चुकीचे असायचे, ते नंतर कळलं. पण सांगायचे मात्र ठासून.

आत्याबाईंचं स्वतःचं पुस्तक आहे, जाडजूड, तेलकट. त्यात लिहिलंय की काटा समोर दिसतो तो नुसता निरोप्या. खरी बातमी टाकीतून येते. टाकीत एका तारेच्या दांडीला डबीसारखा एक फ्लोट लावलेला असतो, तो डिझेलवर तरंगतो. डिझेल वाढलं की डबी वर, संपलं की खाली, आणि ती वर-खाली होईल तसा काटा हलतो. एवढं सोपं. हे बासष्टाव्या पानावर होतं. पान संपताना लिहिलं होतं, "हा भाग बदलण्यासाठी प्रथम" आणि समोरच्या पानावर पुढे होतं, "टाकी पूर्ण रिकामी करून घ्यावी व नंतरच खाली उतरवावी."

आता इथे माझं कुठे चुकलं ते तुम्हीच सांगा. मी काट्याकडे बघितलं, काटा अर्ध्यावर. म्हटलं, अर्धी टाकी म्हणजे दोन बादल्या आणि एक घमेलं पुरे. खालचं बूच काढलं. पहिली बादली भरली, दुसरी भरली, घमेलं भरलं, आणि धार आधी जशी होती तशीच. बूच परत लावायला गेले तर ते हातातून निसटून घमेल्यात बुडालं. बोटाने भोक दाबून धरलं आणि शेजारच्या शिंपीणबाईंना हाक मारली. (ह्या मागच्या वर्षी शेजारी राहायला आल्या. कपडे उत्तम शिवतात, पण ज्याचे शिवतील त्याचं माप गल्लीभर सांगतात.) त्या बाहेर आल्या, मला बघितलं आणि आधी पोटभर हसल्या, मग भांडी आणायला गेल्या. त्यांचा कपडे भिजवायचा टब, माझं पाण्याचं पिंप, दोन पातेली, कुकर, अंघोळीचे तांबे, आणि शेवटी त्यांच्या घरात शोभेला ठेवलेली पितळी सुरई. ओसरीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. लग्नघरी पंगतीच्या आधी मांडतात तशी भांडी मांडलेली, आणि सगळ्यांत डिझेल.

टाकी तोंडापर्यंत भरलेली होती, भाऊजी. ह्यांनी शेवटची भरलेली. दोन वर्षांत मी दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू करते, तेवढंच काय ते कमी झालं असेल. शिंपीणबाई विचारायला लागल्या, एवढं जुनं डिझेल ओतून का देत नाहीस? मी म्हटलं, बघू. मग आम्ही दोघींनी त्यांच्या परकराच्या कापडातून सगळं गाळलं.

तेवढ्यात उद्या-मिस्त्री आज आला. बोलावलं नव्हतं, तरी आला. (तळपाय आत का गेले होते ते मला तेव्हा कळायला हवं होतं.) दारातच उभा राहून त्याने कुकरकडे बघितलं, सुरईकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, टाकी कशाला रिकामी केलीत? ते वरून निघतं. पाच स्क्रू!" पुस्तकाचं त्रेसष्ट-चौसष्टचं पानच नव्हतं. बासष्टाव्या पानावरचं वाक्य मी थेट पासष्टाव्या पानावरच्या दुसऱ्याच कामाला जोडलं होतं. चौथी पास आणि पदवीधर यांच्यात हाच फरक असावा, पानाचा आकडा बघणं.

मिस्त्रीने बूच लावलं, गाळलेलं डिझेल आम्ही परत ओतलं, आणि मी पातेली घासायला आत गेले. बाहेर आले तोवर पाच स्क्रू निघाले होते आणि जुना फ्लोट एका फडक्यात गुंडाळून मिस्त्रीच्या खिशात गेला होता. म्हटलं, बघू तरी. तो म्हणाला, "काय बघायचंय त्यात? गेलेला आहे. नवीन आणतो." आणि भाऊजी, तो खरंच दुसऱ्याच दिवशी घेऊन आला. मी घड्याळ आणि तारीख दोन्ही बघून घेतली.

नवीन बसवला. किल्ली फिरवली. टाकी भरलेली आणि काटा ठार रिकाम्यावर. जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराने दुसऱ्याच कुठल्या गाडीचा भाग दिला होता, तो सगळंच उलटं सांगायचा. मिस्त्री म्हणाला, "मग उलटं वाचायचं. रिकामी म्हणजे भरलेली, भरलेली म्हणजे रिकामी. चार दिवसांत सवय होते." शिंपीणबाई म्हणाल्या, "तुझ्या उद्यासारखंच की रे हे!" यावर तो जरा दुखावला आणि दुकानात जाऊन भाग बदलून आणला. यावेळी नेमका बसला. किल्ली फिरवली तर काटा रिकाम्यावरून उठला आणि सावकाश, म्हातारं माणूस खुर्चीतून उठावं तसा, पूर्ण भरलेल्यावर जाऊन टेकला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र घरात कुणी परकं माणूस येऊन बसल्यासारखं झालं.

आता पुढचं वाचण्याआधी तुम्ही खुर्चीत नीट बसा. आत्याबाईंना चालवून बघायला मी स्वतः घेऊन गेले. माझ्याकडे परवाना आहे. ह्यांनीच मला शिकवून सहा वर्षांपूर्वी काढायला लावला, आणि भाऊजींना इतक्यात सांगू नकोस म्हणाले. इतक्यात म्हणजे किती ते सांगायचं राहून गेलं. शिंपीणबाईंचं एक कपाट गावाबाहेर त्यांच्या बहिणीकडे पोचवायचं होतं, तेवढंच निमित्त. कपाट मागे, त्या शेजारी, मी चाकावर.

चढ लागला आणि काटा खाली सरकला. मी गाडी थांबवली, उतरले, टाकीखाली हात लावून बघितला, गळत नव्हतं. पुन्हा निघाले. उतार लागला, काटा वर. खड्डा आला, काटा डावीकडे-उजवीकडे, नाही नाही म्हणणाऱ्या मुलासारखा. वळणावर एकदम पाववर आला तेव्हा मी इतका जोरात ब्रेक मारला की मागे कपाटाचं दार उघडून आत राहिलेली एक हँगरची जुडी केबिनवर आपटली. दोन किलोमीटरांत मी सात वेळा थांबले. शिंपीणबाई म्हणाल्या, "तू रस्त्याकडे बघणार आहेस की त्याच्याकडे? काट्याकडे बघायचं असेल तर मला उतरव, मी कपाट डोक्यावर घेऊन जाते." कपाट पोचलं, पण त्या परत येताना बसने आल्या.

मी थेट मिस्त्रीच्या दुकानासमोर गाडी उभी केली. म्हटलं, हाही बिघडलेला दिलात. हा सारखा हलतो. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, डिझेल हिंदकळतं, काटा हलतो. चांगला काटा असाच असतो."

"मग ह्यांचा का हलायचा नाही?"

मिस्त्री गाडीखाली जायला निघाला, पण दुकानात त्या दिवशी एकही गाडी नव्हती. मग त्याने मांडणीवरून ते फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

फ्लोट चांगला होता, भाऊजी. डबीला पोचासुद्धा नव्हता. दांडी मात्र तांब्याच्या तारेने घट्ट बांधलेली होती, बरोबर अर्ध्यावर. सात वेढे आणि शेवटी ती गाठ, बिऱ्हाडाच्या दोरीला ह्यांची असायची ती, आधी डावीकडून. मी ती गाठ ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मीच दुसरं टोक धरायची.

मिस्त्रीने सांगितलं ते असं. एकोणीस वर्षांपूर्वी मी नवीनच बरोबर जायला लागले होते आणि माझी नजर सतत काट्यावर. (हे खरं आहे. माझ्या माहेरी रिकाम्या डब्याची भीती सगळ्यांनाच होती, त्याला मी काय करू?) काटा जरा खाली आला की मी म्हणायची, संपत आलं हो, मागे वळा. एकदा भरल्या बिऱ्हाडासकट मी त्यांना अकरा किलोमीटर मागे वळवलं होतं. त्या दिवशी हे मिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, बाबा रे, काट्याला गप्प बसवता येत नाही आणि हिलाही. मिस्त्री म्हणाला, मग वहिनींना घरी ठेवा. त्यावर हे म्हणाले, "नको, काटाच बांधू. हिने शेजारी बसायलाच हवं." तार ह्यांनी बांधली, पाच स्क्रू मिस्त्रीने आवळले, आणि माझ्यापाशी बोलायचं नाही असं ठरलं. एकोणीस वर्षं त्याने ते पाळलं, म्हणून तर तीन आठवडे मला उद्या सांगत राहिला, बिचारा. त्या कामापुरता तरी तो आळशी नव्हता.

आणि मी रोज सकाळी विचारायची, डिझेल आहे ना? हे बोट दाखवायचे, अर्धी आहे की, बघ. मी बघायची आणि पुस्तक उघडायची. एवढं वाचन त्यामुळे झालं. काटा हलता असता तर मी आज चौथी पासच असते.

बाकी सर्व क्षेम. रविवारी पाऊस नसेल तर...

नाही, हे वाक्य मला पुरं करता येत नाही. खाली लिहिते.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. रविवारी दातांच्या डॉक्टरांना आणू नका. काटा चालू झाला की गाडी न्या, असा माझा शब्द होता. काटा चालू नाही. जुना फ्लोट त्याच तारेसकट मी काल परत बसवून घेतला, पाचवा स्क्रू मी स्वतः आवळला. शब्द मोडला असं तुम्हाला वाटलं तर जरूर रागवा, पण जेवून जा. डॉक्टरांना यायचंच असेल तर अवजारं घेऊन यायला सांगा, माझी उजवीकडची खालची दाढ दुखते आहे. ती बारावी म्हणून न्यायची असेल तर खुशाल न्या.

दुसरा ता. क. पुढच्या मंगळवारी आत्याबाई आणि मी एका मास्तरांचं बिऱ्हाड हलवणार आहोत. शिंपीणबाई शेजारी बसायला तयार झाल्या, काटा बांधलाय असं शपथेवर सांगितल्यावर.

तिसरा ता. क. आता खरं काम. हे गेले तेव्हा तुम्ही गाडीतली ती लाकडी काठी आठवण म्हणून नेलीत, फिरायला बरोबर उंचीची आहे म्हणालात. ती फिरायची काठी नाही. हे मला सांगायचे की टाकीत गंज किती आहे ते बघायची काठी आहे, आणि मी विश्वास ठेवायची. मी उठायच्या आधी हे ती टाकीत बुडवून डिझेल मोजायचे. ती मला परत हवी. काठीवाचून मला कळत नाही, म्हणून दोन दिवस पंपावर जाऊन तोंडापर्यंत भरते आहे आणि दोन्ही दिवस डिझेल माझ्या चपलांवर सांडलं. तुमच्या गुडघ्यासाठी वळलेल्या मुठीची चांगली काठी वेगळी पाठवते आहे, ती आधी पोचेल, म्हणजे तुम्हाला एक दिवसही काठीवाचून काढावा लागणार नाही. खाली रबरी टोपण बसवलं असेल तर काढून पाठवा.

शेवटचा ता. क. मिस्त्री आणखी एक गोष्ट म्हणाला, पण त्याच्या बोलण्यावर किती विसंबायचं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणे काठीवर खाचा त्यानेच पाडून दिल्या, पूर्णची, पाऊणची आणि अर्ध्याची. पावची पाडू का विचारलं तर हे म्हणाले, "कशाला? तिला अर्धी सांगितली आहे. अर्ध्याच्या खाली जाऊच द्यायची नाही." काठी बांधण्याआधी जरा उजेडात धरून बघा. अर्ध्याच्या खाली खाच असली तर कळवा, मी मिस्त्रीला जाब विचारीन. नसली तर काही लिहू नका. नुसती काठी पाठवा.